ओट्यावरचं बोलणं

आमच्या घराला ओटा आहे. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात आणि घरात आम्हीही तिण्णैच म्हणत आलो, पण हे मी महाराष्ट्रातल्या वाचकांना कळावं म्हणून लिहिते आहे, तेव्हा ओटाच म्हणते. तंजावूरच्या आमच्या गल्लीत असे ओटे आता तीन उरलेत. बाकीच्यांनी ते फोडून स्कूटर ठेवायला जागा केली. आमचाही फुटणार होता. मुलगी मागे लागली होती, गवंडी येऊन माप घेऊन गेला होता. माझ्या नवऱ्याने त्याला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. "स्कूटर उन्हांत उभी राहील," ते मला म्हणाले, "मी कुठें बसूं?"

माझं लिहिण्यातलं मराठी पुस्तकांतून आलेलं आहे. नोकरीत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्यामुळे देवनागरी वाचता यायला लागली. आमच्या लोकांत ती फार थोड्यांना येते. मग पुण्याच्या एका चुलत नणंदेने पुस्तकं पाठवली आणि शाळेतले गणिताचे पेपर तपासून झाले की मी ती ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले. बोलण्यातलं मराठी मात्र घरचं, पूर्वी कधीतरी मराठा राजांच्या मागोमाग इकडे आलेल्यांचं, तमिळच्या चालीवर हेलकावणारं. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून आधी हसू येतं आणि मग गहिवरून येतं. मला दोन्हीचा राग येतो.

त्या ओट्यावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत बसत असू. हे पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले त्या वर्षी ते सुरू झालं आणि बारा वर्षं चाललं. हे सकाळी वाचून झालेला पेपर पुन्हा हातात घेऊन बसायचे. मी सुटा मोगरा घेऊन केळीच्या दोऱ्याने बांधत बसायची. आणि समोरून जो कोणी जाईल त्याच्याविषयी आम्ही मराठीत बोलायचो. त्याच्या देखत, मोठ्याने, तो अगदी आमच्या पायरीसमोर असताना.

हा आमच्या लोकांचा पिढीजात खेळ आहे. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या नाकासमोर "रंग जाईल ह्याचा, ऊठ" म्हणायचं आणि त्याला तमिळमध्ये सांगायचं, फार सुंदर आहे, नंतर येतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या माणसाच्या खाण्यावर बोलायचं. बसमध्ये, दवाखान्यात, देवळाच्या रांगेत आपल्याभोवती पडदा आहे आणि आपण त्याच्या आत आहोत, ही खात्री लहानपणापासून मुरलेली. तमिळमध्ये आम्ही फार सभ्य माणसं आहोत. सगळा वात्रटपणा मराठीत.

आमच्या रस्त्यावरून एक निवृत्त बँक मॅनेजर फिरायला जायचे. "पोट आलें," हे म्हणायचे, "माणूस मागून येतो आहे." एक बाई बाराही महिने छत्री उघडून जायच्या, ऊन नसताना, पाऊस नसताना, संध्याकाळी सहा वाजतासुद्धा. त्यांच्याविषयी आमच्यात दोन पक्ष होते. माझं म्हणणं, बाई कुणाचं तरी तोंड चुकवतात. ह्यांचं म्हणणं, त्या छत्रीला फिरवायला नेतात, घरात एकटी ती कंटाळत असेल. हा वाद आम्ही वर्षानुवर्षं चालवला आणि त्या जवळ आल्या की दोघंही हसून वणक्कम म्हणायचो.

आणि समोर इस्त्रीवाला होता. आम्ही ओट्यावर बसायला लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी त्याने आमच्या समोरच्या भिंतीला गाडी लावली. चार बांबू, वर ताडपत्री, कोळशाची इस्त्री. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. गल्लीच्या पलीकडच्या वळणावर करंजाचं मोठं झाड आहे, दिवसभर गार सावली. ती सोडून हा ऊन निवडून उभा राहिला, ह्याचं आम्हाला फार नवल. "अक्कल इस्त्रीखालीं सांपडली असेल," हे म्हणायचे. तो बोलायचा कमी. कपडे द्यायला गेलं की "ठेवा अम्मा", घ्यायला गेलं की "झाले अम्मा", बस्स. ह्यांना तो "सार" म्हणायचा, इकडे सरचं सार होतं. त्याचा हात मात्र सुरेख होता. "हा इस्त्री करत नाहीं," हे एकदा म्हणाले, "हा कापडाची समजूत घालतो." त्याच्याविषयी आम्ही बोललेल्या शेकडो वाक्यांपैकी हे एक चांगलं होतं.

संध्याकाळी त्याची बायको यायची, कपड्यांच्या चवडी बांधून घरोघर पोचवायची. एका वर्षी ती यायची बंद झाली. आठवडाभर पाहिलं आणि एका संध्याकाळी फुलं बांधता बांधता मी म्हणाले, "पळाली असेल. ह्या मुक्याजवळ कोण राहील?" मोठ्याने म्हणाले. तो समोर सात-आठ पावलांवर उभा होता.

पंधरा दिवसांनी कळलं, की ती सरकारी दवाखान्यात होती आणि तिथेच वारली. मी रस्ता ओलांडून गेले, तमिळमध्ये दोन बरे शब्द बोलले आणि परत आले. माझ्यापुरता विषय संपला.

माझे यजमान गेले ते पावसाळ्याच्या शेवटी, चार दिवसांच्या तापात. त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या एका दिवसाबद्दल. तेरावा झाला, मुलगी चेन्नईला परत गेली, आणि त्यानंतर आठवडाभराने रात्रीचं ताट धुताना माझ्या ध्यानात आलं की आज दिवसभरात मी मराठीचा एक शब्द उच्चारलेला नाही. दूधवाल्याशी तमिळ, भाजीवालीशी तमिळ, पेन्शनच्या कचेरीत तमिळ आणि थोडं इंग्रजी. मुलीशी फोनवर मी मराठीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते. नातवंडांना सगळं समजतं, बोलत नाहीत. त्यांच्याशी मराठीत बोललं की ती एखाद्या जुन्या फोटोकडे बघावं तशी माझ्याकडे बघतात. गावात आमची आणखी घरं आहेत, पण ती लग्नामुंजीत भेटणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाला म्हणाले, "उतूं नको रे." माझाच आवाज मला परका लागला.

ओट्यावर मी बसेना. संध्याकाळी पाच वाजले की पुढचं दार लावून घ्यायची. एकटी बाहेर बसले तर लोक बघतील असं मी मुलीला सांगत असे. खरं म्हणजे एकटीने बसले तर मला काही दिसणारच नाही, अशी भीती होती. बँक मॅनेजर जातील आणि तो नुसता एक जाडा माणूस असेल.

वर्षश्राद्ध झालं तरी मी सावरेना, तेव्हा मुलीने माझं नाव तिरुवैयारूच्या एका शांतीच्या वर्गात घातलं. दर शनिवारी, काठावरच्या एका मंडपात, कावेरीकडे तोंड करून. शिकवणारा तिशीतला, पांढरे शुभ्र कपडे, आवाज लोण्यासारखा. श्वास मोजायचा, विचार येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे. माझे विचार यायचे आणि बसून राहायचे. तिसऱ्या शनिवारी त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, आयुष्यात तुम्ही पूर्ण सुखी होता असा एक क्षण आठवा. मग एकेकाला विचारलं. कुणाला काशीचं दर्शन आठवलं, कुणाला मुलाचा जन्म, एका गृहस्थांना नोकरीत कायम झाल्याची चिठ्ठी. माझी पाळी आली. मी म्हणाले, आठवत नाही. तो म्हणाला, "अम्मा, तुमच्या आत एक गाठ आहे." मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. मास्तरला उत्तर येत नसलं की तो कसा बोलतो, हे मला चांगलं माहीत आहे.

परतीच्या टाउन बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. गावाबाहेर पडण्याआधी एका अरुंद रस्त्यावर समोरून लॉरी आली आणि बस थांबली, अगदी एका घराच्या दारासमोर. दारात एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाई शेवग्याची पानं निवडत होती. म्हातारा काहीतरी बोलला. तिने वर न बघता त्याच्या हातावर चापट मारली आणि पानं निवडत राहिली. लॉरी गेली, बस निघाली. इतकंच. मी पदर तोंडावर धरून रडायला लागले. कंडक्टरने विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हणाले.

शिकवणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं होतं, पण ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. मी सुखी होते ती रोज संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत, दुसऱ्यांची टवाळी करताना. बारा वर्षं ते सुख माझ्या शेजारी मांडी घालून बसलं होतं आणि मला वाटत होतं की मी नुसती फुलं बांधते आहे. लोक शांतता शोधायला नदीकाठी जातात. मला शांतता नको होती, घरात ती हवी त्याहून जास्त होती. मला बडबड हवी होती, आणि ती करणारा माणूस गेला होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी, दीड वर्षानंतर, मी पाच वाजता दार उघडून ओट्यावर बसले. फुलं आणली नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मॅनेजर दिसले नाहीत. नंतर कळलं, ते मुलाकडे कोइम्बतूरला गेले. छत्रीवाल्या बाई मात्र वेळेवर आल्या. छत्री नवीन होती, जांभळी, कडेला झालर. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "छत्री नवी, तोंड तेंच."

समोर इस्त्रीवाला हसला.

खाली मान घालून, सदऱ्याची कॉलर दाबता दाबता. मला वाटलं, फोनवर काही ऐकत असेल. पण फोन गाडीच्या कडेला पालथा पडला होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सोमवारी मी त्याची परीक्षा घेतली. छत्तीस वर्षांची सवय. ओट्यावर बसले, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबले आणि हवेला सांगितलं, "दुसऱ्यांचे कपडे सरळ करतो आणि स्वतःची कॉलर मुडपलेली."

त्याचा हात कॉलरकडे गेला.

मी उठले, आत गेले आणि दाराला कडी लावली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि एकेक आठवायला लागले. अक्कल इस्त्रीखाली सापडली. मिशा स्वतःच्या असतील तर एवढ्या काळ्या कशा. हा कोळसा जाळतो की कोळसा ह्याला. अकरा वर्षं त्याला हे सगळं कळत होतं आणि तो "झाले अम्मा" म्हणत होता. आधी संताप आला, त्याचाच. चोरून ऐकायचं म्हणजे काय? मग स्वतःशीच हसू आलं. चोरून कुठे, आम्हीच ओरडून सांगत होतो. आणि मग ते वाक्य आठवलं, त्याच्या बायकोविषयीचं.

तीन दिवस बाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी एक सुती साडी घेतली, तिला इस्त्रीची काही गरज नव्हती, आणि रस्ता ओलांडला. साडी गाडीवर ठेवली. आजवर तमिळमध्ये मी त्याला एकेरीच हाक मारत आले, पण मराठीत तोंड उघडलं तर "तूं" म्हणवेना. "कधींपासून कळतें तुम्हांला?" मी विचारलं.

त्याने इस्त्री उभी ठेवली. "जन्मापासून, अक्का," तो म्हणाला.

आमच्यासारखंच बोलणं. थोडं जाडंभरडं, तमिळ शब्द जास्त, पण तेच हेल, शेवटाला तोच ओढलेला स्वर. दीड वर्षाने कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं आणि मी त्याच्यासमोर अपराध्यासारखी उभी होते. त्याची माणसं पापनाशमकडची. पूर्वज राजांच्या घोड्यांबरोबर आले, असं त्याची आई सांगायची. आमचे कागदपत्रांबरोबर आले, असं माझे वडील सांगायचे. आई होती तोवर घरात मराठी होतं. बायको तमिळ, मुलगा तिरुप्पूरला नोकरीला, त्याला चार शब्दांपलीकडे येत नाही. आई वारली आणि घरातलं बोलणं संपलं.

"गाडी त्या करंजाखालीं होती माझी," तो म्हणाला. "एकदां हिंगून, ह्या गल्लींतून, कपडे घेऊन चाललों होतों. तुम्ही दोघें बसलेलीं. सार कांहीं तरी म्हटले, तुम्ही हांसलां. मी कोपऱ्यावर उभा राहिलों. आईसारखेंच बोलणें. दुसऱ्या दिवशीं गाडी हिंगे आणली."

"उन्हांत?"

"ऊन तर ऊन."

"मग बोललां कां नाहीं कधीं?"

"बोललों असतों तर तुम्ही आंत जाऊन बोललां असतां."

खरंच गेलो असतो. मी साडीचा काठ बोटांनी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या बायकोविषयीं मी एकदां वाईट बोललें होतें."

"बोललां होतां," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही, विसरलो म्हणाला नाही. पुढे म्हणाला, "मग सार बोलले."

"काय बोलले?"

"असें म्हणूं नको, म्हटले. त्याचे हात बघ. चार दिवस झाले, एकाच बाहीवर इस्त्री फिरवतो आहे. त्याचें कांहीं तरी हरवलें आहे." त्याने इस्त्री हातात घेतली, निखारे बघितले, पुन्हा ठेवली. "तेव्हां मी गाडी हालवणार होतों हिंगून. मग नाहीं हालवली."

मला हे आठवत नव्हतं. एक अक्षर आठवत नव्हतं. माझं स्वतःचं वाक्य शब्द न् शब्द लक्षात होतं आणि त्यावर माझ्या नवऱ्याने दिलेलं उत्तर मी ऐकून सोडून दिलं होतं. ते ह्या माणसाने जपून ठेवलं होतं. मी माफी मागितली. तो "असूं दे" म्हणाला आणि माझी साडी अंथरली.

घरी येऊन मी बराच वेळ झोपाळ्यावर बसले. लाज होतीच, पण तिच्याखाली दुसरंच काही हलत होतं, आणि ते मला उशिरा ओळखू आलं. ती हाव होती. इस्त्रीवाल्याजवळ अजून काय काय असेल? ह्यांची वाक्यं मी रोज घोळून घोळून झिजवली होती. तीच तीच, पोट आलं, छत्री कंटाळते. मला ह्यांचं एक तरी नवीन वाक्य हवं होतं. आणि रोज संध्याकाळी मी दोन-तीनदा आत जायची. कुकर बंद करायला, कॉफी आणायला, मुलीचा फोन घ्यायला. तेवढ्या वेळात हे ओट्यावर एकटे असायचे. एकटा माणूस स्वतःशी काही बोलतोच. माझ्याविषयी बोलले असतील. आपण थकलो आहोत हे बोलले असतील. ते मला कधी सांगितलं नाही. समोरच्या माणसाने ते ऐकलं असणार.

मी त्याला विचारलं नाही. रोज पाच वाजता ओट्यावर बसायला लागले, फुलंही पुन्हा आणायला लागले. रस्त्यापलीकडून आमचं बोलणं व्हायचं, दोन वाक्यं, चार वाक्यं. तो टवाळीत फार भाग घेत नसे. मी काही म्हटलं की मान हलवायचा, क्वचित हसायचा. मलाही पूर्वीसारखं सुटून बोलता येईना. ऐकणारा आहे हे कळल्यावर जीभ आधी मागे वळून बघते. पण रोज उठताना मनात एकच असायचं, उद्या विचारू. न विचारेपर्यंत ते वाक्य त्याच्याजवळ होतं. एकदा विचारलं की ते मिळेल आणि तेही झिजायला लागेल. मुलगी फोनवर म्हणाली, "आवाज बरा वाटतोय तुझा, वर्गाचा उपयोग होतोय ना?" मी हो म्हणून सांगितलं. वर्ग सोडून मला दोन महिने झाले होते.

ह्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या तिथीला मुलगी आणि जावई आले. सकाळी भटजी येऊन सगळं करून गेले, दुपारी पानं झाली, चारच्या गाडीने ती दोघं परत गेली. घर आवरलं. पाच वाजता मी बाहेर आले, आणि बसलेच नाही. सरळ रस्ता ओलांडला. दिवस तसा होता, धीर धरवत नव्हता.

"एक विचारतें," मी म्हणाले. "मी आंत जायची तेव्हां हे काय बोलायचे?"

"कांहीं नाहीं, अक्का."

"आठवून बघा. स्वतःशीं बोलत असतील."

"आठवायचें काय त्यांत? तुम्ही आंत गेलां कीं सार बोलायचे नाहींत. दाराकडे बघायचे."

मला वाटलं, सांगायला संकोचतो आहे. मी म्हणाले, "वाईट असलें तरी चालेल. सांगा."

त्याने हातातली घडी बाजूला ठेवली. "एकदां तुम्ही फोनवर होतां, अर्धा तास. पाऊस होऊन गेलेला. तो पोटवाला मॅनेजर हिंगेच, ह्या भिंतीपाशीं घसरला आणि चिखलांत बसला. मला हांसूं आवरेना, मी गाडीमागें तोंड फिरवलें. सार नुसते बघत होते. हांसले नाहींत. मी मनांत म्हटलें, चांगला माणूस, दुसऱ्याच्या पडण्याला हांसत नाहीं. मग तुम्ही बाहेर आलां. तेव्हां त्यांनी तुम्हांला सांगितलें, हातवारे करून, आणि मग हांसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हांसले."

ते मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. मी बाहेर आले होते, फोन अजून हातात होता, आणि हे हसत हसत सांगत होते, दोन्ही हातांनी पोट किती मोठं आणि चिखल किती उडाला ते दाखवत. मला वाटलं होतं ते नुकतंच घडलं आहे. मी मेलीने उलट म्हटलं होतं, "मी आंत गेलें कीं बरें सगळें होतें." ह्यांनी ते हसू अर्धा तास तोंडात धरून ठेवलं होतं, हे मला ते गेल्यावर दोन वर्षांनी, रस्त्याच्या ह्या बाजूला कळलं.

"म्हणजे वेगळें कांहींच नाहीं?" मी विचारलं.

"नाहीं, अक्का."

मी रस्ता ओलांडून परत आले आणि ओट्यावर बसले. एक तरी वाक्य कुठेतरी उरलं असेल, ह्या आशेवर मी काही महिने काढले होते. काहीही उरलेलं नव्हतं. जे होतं ते सगळं त्याच संध्याकाळी माझ्या हातात पडलं होतं, आणि त्यातलं निम्मं मी विसरले होते. मला ते हवे होते. त्यांचं बोलणं नको, वाक्य नको, ते स्वतः, इथे, पेपर घेऊन. हे असं साध्या शब्दांत मी दोन वर्षांत मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि रडले, उघड्यावर, रस्त्यावरचे लोक बघत असताना. छत्रीवाल्या बाई गेल्या, त्यांनी छत्री जरा खाली धरली. समोरच्याने मान वर केली नाही. तो एका बाहीवर इस्त्री फिरवत राहिला.

आत जाऊन तोंड धुतलं. नळाखाली उभी असताना सकाळची एक गोष्ट आठवली. पिंडांवर पाणी सोडायच्या वेळी भटजींच्या कमरेला फोन वाजला होता, सिनेमाच्या दणदणीत गाण्यावर. दोन्ही हात ओले, दर्भाची अंगठी बोटात. बंद कोण करणार? शेवटी त्यांनी जावयाला खुणेने सांगितलं आणि जावई, चेन्नईचा साहेब माणूस, भटजींच्या धोतराच्या गाठीशी झोंबत बसला. मंत्र चालू, गाणं चालू. मुलीने डोळे मिटून घेतले होते. मी खाली बघत होते. घरात कुणालाच ते सांगण्यासारखं नव्हतं.

मी तोंड न पुसताच बाहेर आले. तो अजून तिथेच होता, हातात कुणाचा तरी सदरा. मी बसायच्या आधीच सांगायला लागले, मोठ्याने, मराठीत, हातवारे करून, भटजींची गाठ आणि जावयाची बोटं. सकाळी ते घडलं तेव्हा मी हसले नव्हते. आता हसले.